अकरा वाकडे कीबोर्ड

आधीच सांगून ठेवते, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही वर्ध्याकडच्या एका खेड्यात. त्यानंतर किराण्याची यादी, डब्यांवरच्या चिठ्ठ्या आणि पगाराच्या रजिस्टरवरची सही, एवढंच लिहिणं हातून झालं. आमच्या इथल्या, भोपाळच्या, मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी बायकांकडून आपापल्या कामाबद्दल लेख मागवले आहेत. मी काही देणार नाही. पण मागितलं तेव्हापासून डोक्यात चालू आहे, म्हणून या वहीत लिहिते. ज्याच्या हाती वही लागेल त्याने चुका सांभाळून घ्याव्यात.

माझं काम सोल्डरिंगचं. गोविंदपुऱ्यात एका लहान कारखान्यात एकवीस वर्षं मी मीटरच्या आणि स्टॅबिलायझरच्या आतल्या सर्किटच्या कार्डांवर टाके घातले. तापलेलं टोक टेकवायचं, सोल्डरची तार लावायची, वितळली की दोन्ही उचलायचं. एवढंच काम. पण ते दीड-दोन सेकंदांत व्हावं लागतं. जास्त वेळ टेकवलं तर कार्डावरचं तांबं उचकटतं, कमी वेळ टेकवलं तर टाका कच्चा राहतो. पक्का टाका चमकतो आणि कडेला उतरता असतो. कच्चा टाका गोळ्यासारखा बसतो. तो आज चालतो आणि सहा महिन्यांनी दगा देतो. माझ्या हातचं कार्ड तपासणीतून परत आलं असं फार कमी वेळा झालं. हे मी कुणाला सांगत नाही, पण वहीत लिहायला हरकत नाही.

मग मालक गेले. त्यांच्या मुलाने शेड गोदामासाठी भाड्याने दिली आणि आम्हा नऊ बायकांना घरी पाठवलं. त्याच सुमारास आमच्या जावयांची नोकरी गेली. मंदार त्यांचं नाव. इंजिनिअर आहेत, कॉम्प्युटरच्या कंपनीत होते. माझ्या मुलीला, स्मिताला, घेऊन ते माझ्याकडे राहायला आले. हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, दोन खोल्यांत मी एकटीच होते, तर मला बरंच वाटलं.

मंदारांची मनगटं दुखायची. दिवसभर टाइप करणाऱ्या पुष्कळांची दुखतात असं ते म्हणाले. आपला नेहमीचा कीबोर्ड एकसंध असतो, त्यामुळे दोन्ही हात छातीपुढे आणून मनगटं बाहेर वाकवावी लागतात. त्यावर उपाय म्हणजे कीबोर्डाचे दोन तुकडे करायचे. एक डाव्या हाताखाली, एक उजव्या हाताखाली, मध्ये वायर. हात खांद्यांच्या सरळ रेषेत राहतात आणि मनगट वाकत नाही. अंगठा एरवी बसून असतो, त्यालाही पाच-सहा बटणं देतात. परदेशातून असा कीबोर्ड मागवला तर फार महाग पडतो. लोक घरी बनवतात, पण टाके घालायला घाबरतात.

मंदारांनी एक दिवस माझं कारखान्यातलं सोल्डरिंगचं सामान पाहिलं आणि म्हणाले, "आई, तुम्हाला हे येतं?"

"तेवढंच येतं," मी म्हटलं.

असा आमचा धंदा सुरू झाला. त्यांनी एक छापायचं यंत्र आणलं. कागद छापणारं नव्हे, प्लास्टिकच्या वस्तू छापणारं. प्लास्टिकची तार रिळावर असते, ती गरम तोटीतून सोऱ्यातल्या शेवेसारखी बारीक पडते आणि थरावर थर चढत जातो. एका कीबोर्डाचा सांगाडा छापायला दीड दिवस लागायचा. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी ते यंत्र कुरकुरत असायचं. सांगाडे छापणं, कॉम्प्युटरवर आराखडा काढणं आणि ग्राहकांशी बोलणं हे मंदारांचं. बटणं बसवणं, टाके घालणं, घासून गुळगुळीत करणं आणि तपासणं हे माझं.

पहिलाच कीबोर्ड मी बिघडवला. आतलं कार्ड दोन्ही भागांना एकसारखंच असतं. उजव्या भागासाठी ते पालथं करून घ्यायचं असतं. एकवीस वर्षं मी एकसारखी कार्डं केली होती, दुसरं पहिल्यासारखं करायचं हीच सवय. मी दोन्ही कार्डांना एकाच बाजूने टाके घातले. बटणं बसवून दोन्ही भाग समोर ठेवले, तर दोन्हीकडे अंगठ्याची बटणं एकाच दिशेला.

मंदार हसून हसून बसले. "आई, आता दोन डावे हात असलेला ग्राहक शोधावा लागेल."

मी पण हसले. मग सगळे टाके एकेक करून काढत दुपार गेली. ते दिवस चांगले होते. ते वाईट होते असं म्हटलं तर खोटं होईल.

बटणांवरची इंग्रजी अक्षरं मला येत नव्हती. लावून लावून आली. त्यामुळे मला इंग्रजी अक्षरं क्यू, डब्ल्यू, ई, आर अशी येतात. ए, बी, सी, डी म्हणायला सांगितलं तर मी आजही अडखळते. एका ग्राहकाने मात्र बटणांवर एकही अक्षर नको, सगळी कोरी हवीत, असं सांगितलं आणि त्यासाठी जास्तीचे पैसे दिले. वाचता येणारा माणूस अक्षरं पुसायचे पैसे देतो, हे मला नवीन होतं.

माप घ्यायची पद्धत माझी होती. चांभार कागदावर पाऊल ठेवायला लावून पेन्सिल फिरवतो, तसं मी चौकटीच्या वहीवर पंजा ठेवायला लावायचे. मग बोटं थोडी वाकवायला सांगून प्रत्येक टोकाशी ठिपका. करंगळी सगळ्यांची आखूड असते, पण कुणाची किती आखूड ते वेगवेगळं. त्या ठिपक्यांवर मंदार बटणांच्या रांगा बसवायचे. बाहेरगावचे लोक तसाच कागद काढून फोटो पाठवायचे. मंदार म्हणायचे की असं माप घेऊन देणारं दुसरं कुणी नाही.

चार इमलीत, सरकारी अधिकाऱ्यांच्या वस्तीत, एका मोठ्या साहेबांचं माप घ्यायला गेलो होतो ते आठवतं. साहेबांची बोटं बधिर व्हायची. मंदारांना सोफ्यावर बसवलं. मी टेकणार तेवढ्यात मेमसाब म्हणाल्या, "बाई, आप पीछे से आ जातीं, किचन की तरफ से।"

मंदार चटकन म्हणाले, "नहीं मैडम, ये हमारी वर्कर हैं, नाप यही लेंगी।"

वर्कर होतेच मी. त्यात खोटं काही नव्हतं. पण स्मिताच्या लग्नात ज्यांचे पाय मी धुतले, त्यांच्या तोंडून ऐकताना वही कुठे धरावी ते कळेना. परक्या पुरुषाचा हात धरून कागदावर ठेवायचा म्हणून आधीच घाम फुटला होता. साहेब भले होते. म्हणाले, "डरिए मत, हाथ ही तो है।" परतताना रिक्षात मंदार म्हणाले, "आई, तिथे सासू आहे म्हणून सांगितलं असतं तर त्यांना ते घरगुती वाटलं असतं. ऑफिसर लोकांना प्रोफेशनल लागतं." मी म्हटलं, बरोबर आहे.

तीन-चार कीबोर्ड असे सुटे विकल्यावर मंदारांनी एकदम चौदांची मागणी घेतली. या धंद्यात अशी रीत आहे. इच्छुक लोक गोळा करायचे, सगळ्यांचे पूर्ण पैसे आधी घ्यायचे, त्या पैशांतून सामान एकदम मागवायचं, मग बनवून पाठवायचं. ग्राहक दोन-दोन महिने थांबतात, कुरकुर करत नाहीत. सगळं विश्वासावर. चौदा जणांनी बारा-बारा हजार दिले. भोपाळातले तिघे होते, बाकी बाहेरचे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते.

छापायचं प्लास्टिक दोन प्रकारचं मिळतं. एक मक्यापासून करतात, स्वस्त असतं, छान छापलं जातं, पण उन्हात ठेवलं तर मऊ पडतं. दुसरं महाग, छापायला त्रासाचं, पण ऊन सोसतं. हे मंदारांनीच मला सांगितलं होतं. आम्ही स्वस्त वापरायचो. सुटे कीबोर्ड थंडीत गेले होते, काही झालं नाही. चौदांचं काम संपायला मे उजाडला.

कारखान्यात एकदा पत्र्याच्या भिंतीला लावून ठेवलेली मीटरची झाकणं उन्हाने पापडासारखी वाकली होती. ती मी या डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून मी बोलले. "मंदार, हे महागाच्या प्लास्टिकमध्ये करू या का? ऊन फार आहे."

मंदार पडद्यावर काहीतरी बघत होते. "आई, लोक एसीत बसून टाइप करतात. उन्हात कोण टाइप करतं?"

कुरिअरच्या गाडीत एसी असतो का, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. जावई माणूस, माझ्या घरात राहतो, नोकरी नाही, आधीच मन लहान झालेलं. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा कसं सांगायचं? आमच्याकडे जावयाला दोनदा सांगत नाहीत. पोरीचं घर असतं ते.

कारखान्यात हीच गोष्ट असती तर मी सुपरवायझरला तीन वेळा सांगितली असती आणि माल अडवून धरला असता. एकदा धरलाही होता. घरात मात्र नाही धरला. माझी चूक टाक्यांत झाली नाही. इथे झाली.

चौदा खोकी मी स्वतः बांधली. एका हप्त्यात फोन सुरू झाले. कुणाचा सांगाडा मधून उचलला होता, कुणाचा कडेने वळला होता. खोकं बंद होतं तसंच होतं, आतली वस्तू वाकलेली. सांगाडा वाकला की आतलं कार्ड ताणलं जातं, मग बटणं मरतात. चौदातले अकरा गेले.

फोन मंदार घ्यायचे, गच्चीवर जाऊन. मला ते एवढंच म्हणाले, "थोडा इश्यू आहे, मी बघतो."

मला खरं कळलं ते श्रीवास्तव मॅडम घरी आल्या तेव्हा. या भोपाळच्याच. वकिलांची कागदपत्रं पानामागे पैसे घेऊन टाइप करायच्या. मनगटाच्या नसेचं दुखणं होतं, डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं, ते टळावं म्हणून त्यांनी आमचा कीबोर्ड घेतला होता. त्यांचा पंजा मीच कागदावर काढला होता. कीबोर्ड घेऊन त्या कोर्टात गेल्या आणि स्कूटरच्या डिकीत तो दोन तास राहिला.

त्यांनी पिशवीतून उजवा भाग काढून माझ्या टेबलावर ठेवला. एक कोपरा टेकवला की समोरचा दोन बोटं वर राहत होता.

"सुमनजी," त्या म्हणाल्या, "मैंने तो आपका नाम देखकर पैसे दिए थे।"

"मेरा नाम?" मी विचारलं.

त्यांनी फोनवर आमचं पान उघडून दाखवलं. त्यावर माझ्या हातांचा फोटो होता, सोल्डरिंग करतानाचा. मंदारांनी काढला होता ते आठवलं. वर 'सुमन आंटी' असं नाव. खाली इंग्रजीत होतं ते त्यांनी हिंदीत करून सांगितलं. प्रत्येक कीबोर्ड सुमन आंटी स्वतः तपासतात. काही बिघडलं तर सुमन आंटी स्वतः पूर्ण पैसे परत करतात, हा त्यांचा शब्द आहे.

मी शब्द दिला होता आणि मलाच माहीत नव्हतं.

मॅडम गेल्यावर मंदारांना विचारलं. ते म्हणाले, "आई, ते मार्केटिंग असतं. सगळे लिहितात."

"पण पैसे?"

"पैसे सामानात गेले. आता कुठून देणार?"

मी म्हटलं, "सांगाडेच तर वाकलेत. महागाचं प्लास्टिक आणा, अकरा सांगाडे परत छापा, मेलेली बटणं मी बदलते. पैसे मागणार नाहीत लोक."

हे मी दोनदा म्हटलं. उशिरा का होईना, दोनदा म्हटलं. ते हो म्हणाले. आणि पंधरा दिवसांत त्यांना बेंगळुरूला नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी हाच धंदा दाखवला होता, स्वतःची कंपनी म्हणून. मी बाजारात गेले होते तेव्हा छापायचं यंत्र विकलं गेलं. सामान हलवायला पैसे लागणार होते म्हणे. ओट्याशेजारी चौकोनी पांढरा डाग राहिला तेवढा.

ते गेल्यावर लोकांचे फोन माझ्याकडे येऊ लागले, खोक्यांवर पाठवणारी म्हणून माझाच नंबर होता. स्मिताला फोन केला. ती म्हणाली, "आई, प्लीज, त्यांना आता काही बोलू नकोस. आत्ताच जॉइन झालेत. आणि तुला कोण ओळखतं? नंबर बदलून टाक ना."

पोरीला दोष देत नाही. तिला तिथे राहायचं आहे.

नंबर मी बदलला नाही. गोविंदपुऱ्यात एक दुकान आहे, खराब झालेले एलईडी बल्ब आणि पंख्यांची कार्डं दुरुस्त करून परत विकतात. तिथे नगावर काम घेतलं. सकाळी पिशवी आणायची, संध्याकाळी पोचवायची. माझा चष्मा तेव्हा जाड झाला. महिन्याला तीन हजार बाजूला पडायचे, कधी कमी. चार महिने झाले की एका माणसाचे पुरे व्हायचे. शेजारच्या शिक्षिकाबाई माझ्यासाठी हिंदीत निरोप टाइप करून द्यायच्या आणि पैसे पाठवायला मदत करायच्या.

लोक कसे असतात तेही कळलं. पुण्याच्या एका मुलाने लिहिलं, काकू, राहू द्या, मी सांगाडा दुसरीकडून छापून घेतला, तुमचे टाके एक नंबर आहेत. त्याला मी पाठवलेले पैसे त्याने दोनदा परत केले, तिसऱ्यांदा ठेवून घेतले. एकाने मात्र रोज सकाळी शिव्या लिहिल्या. चोर बाई, म्हातारी ठग, असं. शिक्षिकाबाई वाचायला लाजायच्या. त्याचे मी सगळ्यात आधी दिले.

हीच माझी दुसरी लाज. जे ओरडले त्यांना आधी दिले, जे गप्प बसले त्यांना मागे ठेवलं. श्रीवास्तव मॅडमनी त्या दिवसानंतर एकदाही फोन केला नाही. त्या गावातच होत्या, त्यांना पहिल्यांदा द्यायला हवे होते. पण त्यांच्यासमोर जायची हिंमत होत नव्हती, आणि त्या मागत नव्हत्या, तर त्या शेवटच्या राहिल्या. साडेतीन वर्षांहून जास्त.

दरम्यान मंदार-स्मिता दिवाळीला यायचे. मी ओवाळायचे, पाटावर बसवायचे, पाकीट द्यायचे. कीबोर्डाचा विषय कुणी काढला नाही. एकदा स्मिताच्या चुलत सासूबाई मला म्हणाल्या, "मंदारने धंदा बुडाला तरी सगळ्यांची पै न पै परत केली म्हणे. संस्कार लागतात हो." मी त्यांना आणखी भात वाढला.

गेल्या महिन्यात शेवटचे बारा हजार जमले. मी ते रोख घेऊन मॅडमकडे गेले. दुसरा मजला. त्यांनी ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं. उजव्या मनगटावर आतल्या बाजूने उभा पांढरा व्रण होता.

"ऑपरेशन कराना पड़ा," त्या म्हणाल्या. "पूरा ठीक नहीं हुआ। अब टाइपिंग छोड़ दी, बच्चों को पढ़ाती हूँ।"

मी पैसे पुढे केले.

"अब क्यों ले आईं? मैं तो भूल भी गई थी।"

"आप मत भूलिए, गिन लीजिए," मी म्हटलं.

त्यांनी नोटा मांडीवर ठेवल्या आणि डाव्या हाताने मोजल्या. त्याला वेळ लागला. मोजून झाल्यावर फोन घेतला. त्या चौदा जणांचा तेव्हापासूनचा एक ग्रुप आहे, मंदारही त्यात आहेत. मॅडमनी एका बोटाने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "मुझे भी पूरे पैसे वापस मिल गए।"

मी उठणार तेवढ्यात फोन वाजला. मॅडमनी आलेला निरोप वाचला.

"क्या लिखा है?" मी विचारलं.

"आपके दामाद ने लिखा है। 'आप सबके धैर्य के लिए धन्यवाद। हमने अपना वादा पूरा किया।'" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ये पैसे उन्होंने भेजे हैं?"

मी रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली.

"पैसे पूरे हैं ना, मैडम?"

"हाँ, पूरे हैं।"

"तो बस," मी म्हटलं आणि जिना उतरले.